पुलावरचा आकडा आणि घरचा आकडा

२०१९ च्या जुलैत एका दिवसात पडलेला वीसेक इंच पाऊस आणि २०२४ च्या ऑगस्टमधला पूर, दोन्ही बडोदेकरांच्या अजून डोळ्यांसमोर आहेत. त्यामुळे आभाळ भरून आलं की आमच्याकडे प्रश्नांची रीघ लागते. त्यातले काही निवडून इथे घेतले आहेत.

मुजमहुड्याला तळमजल्यावर राहतो. मागच्या पुरात व्हॉट्सॲपवर दर तासाला नवाच आकडा यायचा. खरं काय ते ओळखायचं कसं?

दोनच आकडे बघा: काळा घोडा पुलापाशी मोजलेली विश्वामित्री नदीची पातळी आणि आजवा सरोवराची पातळी. नदी पावागडच्या डोंगरातून येते आणि आजव्यातून सोडलेलं पाणीही याच नदीत येतं. म्हणून शहरात लख्ख ऊन असतानाही ती चढू शकते. पुलाजवळ धोक्याची पातळी २५ फूट धरतात. २०२४ ला पाणी ३७ फुटांवर गेलं होतं.

पण २५ हा शहराचा आकडा झाला, तुमच्या घराचा वेगळा असतो. सोसायटीतल्या जुन्या मंडळींना विचारा: काळा घोड्याला किती फूट होतं तेव्हा आपल्या गेटाशी पाणी लागलं? उत्तर मिळेल त्यातून तीन फूट वजा करा आणि तो आकडा मीटरच्या पेटीच्या झाकणावर आतून लिहून ठेवा. नदी तिथवर आली की निघायचं. त्या वेळी चर्चा नको, ती आत्ताच करून घ्या.

तळमजल्यावर पाणी बहुधा दारातून येण्याआधी गटारातून उलटं येतं. संडासात गुडगुड सुरू झाली की समजा. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत वाळू भरून ती संडासाच्या भांड्यात आणि मोरीच्या जाळीवर घट्ट बसवा. मेन स्विच पाडला म्हणजे वीज गेली असंही मानू नका. जिन्याखाली जमिनीलगत ठेवलेला इन्व्हर्टर आणि गच्चीवरच्या सोलरची तार जिवंतच असते. दोन्ही वेगळे बंद करा, तेही हात-पाय कोरडे असताना. गॅसची बाटली बांधून ठेवा. अर्धी रिकामी बाटली पाण्यावर तरंगत घरभर फिरते.

समा भागात चौथ्या मजल्यावर राहतो. सासूबाई ८२ वर्षांच्या, इन्सुलिन चालू आहे, वॉकरशिवाय चालत नाहीत. त्या म्हणतात, 'पाणी काय चौथ्या माळ्यावर येणार आहे?'

सासूबाईंचं म्हणणं खरं आहे, पाणी वर येणार नाही. पण लिफ्ट, पंप, दूधवाला आणि डॉक्टर हे सगळे खालीच अडकतात. गेल्या पुरात अनेक सोसायट्या दोन-तीन दिवस अशाच तुटल्या होत्या. धडधाकट माणसांनी वर थांबायला हरकत नाही. माणशी रोज तीन लिटर पिण्याचं पाणी आणि वापरायला भरलेल्या बादल्या हव्यात. सासूबाईंनी मात्र रस्ता कोरडा असतानाच उंचावरच्या नातलगांकडे जावं. 'पूर येतोय, चला' म्हटलं तर नाही निघायच्या, 'चार दिवस लेकीकडे राहून या' म्हटलं तर कदाचित निघतील. घरी ऑक्सिजनचं मशीन किंवा डायलिसिसचा रुग्ण असेल, तर थांबण्याचा विचारही नको.

चालू असलेलं इन्सुलिन बहुतेक प्रकारांत ३० अंशांच्या आत चारेक आठवडे टिकतं. पाकिटावरची सूचना वाचून घ्या. वीज गेल्यावर ते बर्फात खुपसू नका, गोठलं की वाया गेलं. डबीत घालून माठाच्या ओलाव्यापाशी ठेवलं तरी चालतं.

त्यांना जिन्यावरून उतरवायची वेळ आलीच, तर हातांची मजबूत खुर्ची घ्या, साडीने कमरेला बांधा, तोंड पायऱ्यांच्या उताराकडे. एक जण पाठीमागून खुर्ची किंचित तिरकी धरतो, दुसरा पुढचे पाय. आधी खुर्चीत तांदळाचं पोतं ठेवून दोन मजले उतरून बघा. मुलगा-जावई दोघांचा रुबाब तिथेच उतरतो!

सोसायटीच्या सेक्रेटरींनाही सांगा: पाणी चढू लागलं की लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन तिथेच बंद करायची. जमिनीखालच्या टाकीत पुराचं पाणी शिरलं असेल, तर ती उपसून, घासून, ब्लीचिंग पावडरने धुतल्याशिवाय पंप चालू करायचा नाही.

पाणी ओसरल्यावर मगरीचं काय? आमच्याकडे फत्तेगंजला कंपाउंडमध्ये शिरली होती.

विश्वामित्रीत मगरी आहेतच आणि पाण्याबरोबर त्याही वस्तीत येतात. ओसरल्यावर पहिले काही दिवस गाडीखाली, जिन्याखाली, झुडपांत टॉर्च मारल्याशिवाय पाऊल टाकू नका. पोरांना आणि कुत्र्याला आतच ठेवा. दिसली तर लांब राहा, तिची पळायची वाट मोकळी ठेवा आणि वनखात्याला कळवा. व्हिडिओसाठी काठीने डिवचणारे वीर दर वेळी निघतात, त्यांना आवरा.

पार्किंगमध्ये गाडी बुडाली तर?

चालू करून बघू नका. इंजिनात पाणी असताना चावी फिरवली की आतला दांडा वाकतो, आणि इंजिनासाठीचं वेगळं कवच घेतलेलं नसेल तर विमा कंपनी बहुधा तो खर्च नाकारते. पाण्याची रेघ दिसेल असे फोटो काढा आणि टो करून न्या.

आम्ही गोरव्याला राहतो. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये कोयली रिफायनरीला आग लागली तेव्हा सगळे रस्त्यावर आले. ते बरोबर होतं का?

नाही. पुरात बाहेर पडायचं, वायू किंवा धुरात बहुधा आत जायचं. दारं-खिडक्या लावा, एसी आणि एक्झॉस्ट बंद करा, फटींत ओले टॉवेल दाबा आणि प्रशासनाच्या सूचनेची वाट बघा. बाहेर काढलंच तर झाडाची पानं किंवा झेंडा कुठे हलतोय ते बघून वाऱ्याला आडवे चालत निघा. क्लोरीनसारखा वायू हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे तळघरात लपायला जाऊ नका.