स्वालबार्डला जाताय? मग व्हिसावर दोन एंट्री हव्यातच

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. आई-बाबांना घेऊन जुलैत ऑस्लो, ट्रॉम्सो आणि पुढे स्वालबार्ड या उत्तर ध्रुवाकडच्या बेटांवरचं लाँगइयरब्येन गाव असा तुमचा बेत आहे आणि एजंट म्हणतोय, "स्वालबार्ड नॉर्वेचंच आहे, डोमेस्टिक फ्लाइट, सिंगल एंट्री पुरे." हेच वाक्य, जवळपास याच शब्दांत, आम्हालाही ऐकवलं गेलं होतं. म्हणून बँक स्टेटमेंट, इन्शुरन्स, थर्मल यांवर मी काही लिहीत नाही, ते तुम्ही बघालच. फक्त या एंट्रीचं नीट वाचा.

स्वालबार्ड नॉर्वेचं आहे, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. १९२० च्या स्वालबार्ड करारामुळे तिथली व्यवस्था वेगळी आहे, तिथे उतरायला कुठल्याच देशाच्या नागरिकाला व्हिसा लागत नाही. (त्या करारावर सुरुवातीलाच सही करणाऱ्यांत भारतही होता, आणि तिथल्याच न्यू-ओलेसुंद या वस्तीत आपलं 'हिमाद्री' संशोधन केंद्र २००८ पासून आहे.) एजंट लोकांचा घोळ इथेच होतो. बेटावर व्हिसा लागत नसला तरी तुमचा रस्ता शेंगेनमधून जातो. युरोपात पहिल्यांदा इमिग्रेशन झालं की एक एंट्री संपली. लाँगइयरब्येनला जाताना पासपोर्ट तपासतात, तिथे तुम्ही शेंगेनच्या बाहेर पडता. परत ट्रॉम्सो किंवा ऑस्लोला आलात की ती दुसरी एंट्री. सिंगल एंट्रीवर गेलात तर परतीची वाटच बंद.

आमचा अर्ज एका टूर ऑफिसने भरला होता. नाव लिहीत नाही. प्रवासाच्या तक्त्यात लाँगइयरब्येन ठळक दिसत होतं, सोबत बोटीचं बुकिंग जोडलेलं, आणि तरीही फॉर्मवर त्यांनी 'एक एंट्री'वर खूण केली. पासपोर्ट हातात आला तेव्हा स्टिकरवर एंट्रीच्या रकान्यात '०१' छापलेलं. लगेच फोन केला. आधी म्हणाले, "काही होत नाही, सगळे जातात." मी नॉर्वेच्या इमिग्रेशन खात्याचं, यूडीआयचं, पान पाठवलं तेव्हा दोन दिवस उत्तरच नाही. मग एका ओळीचा ईमेल आला: व्हिसा ही प्रवाशाची जबाबदारी. अर्ज जिथे जमा केला त्या काउंटरवर सांगितलं की दुरुस्ती होत नाही, नव्याने फी भरा, नव्याने अपॉइंटमेंट घ्या. अपॉइंटमेंट मिळत होती ती आमची बोट सुटून गेल्यानंतरची. बोटीचे पैसे बुडाले, त्यातला एक रुपयाही कुणी परत दिला नाही. आजही त्याचा संताप येतो, कारण ज्या ऑफिसने फी घेतली त्यातल्या एकालाही शेंगेनचा नकाशा एकदा उघडून बघावासा वाटला नाही.

तर फॉर्मवर 'दोन' किंवा 'मल्टिपल'वर खूण करा आणि तो पीडीएफ सबमिट होण्याआधी स्वतःच्या डोळ्यांनी बघा. कव्हर लेटरमध्ये एक स्वतंत्र परिच्छेद लिहा की आम्ही अमुक तारखेला स्वालबार्डला जाणार, तमुक तारखेला परत शेंगेनमध्ये येणार, म्हणून दोन एंट्री हव्यात. लाँगइयरब्येनची जाण्या-येण्याची दोन्ही तिकिटं जोडा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, जुलैसाठी मेपर्यंत थांबू नका. आणि बोटीचे सगळे पैसे व्हिसा हातात येईपर्यंत भरू नका, निदान रद्द करण्याच्या अटी वाचून भरा. मी काही व्हिसातला तज्ज्ञ नाही आणि नियम बदलत असतात, त्यामुळे यूडीआयची साइट स्वतः तपासा. माझ्यावर किंवा एजंटवर विसंबू नका.

आम्ही त्या वर्षी नॉर्वेतल्याच डोव्हरेफ्येल या डोंगरी पठारावर गेलो आणि तेही मनापासून सुचवेन. तिथे कस्तुरी बैल दिसतात, ग्रीनलंडहून आणून सोडलेल्या कळपाचे वंशज. किमान २०० मीटर लांब राहायचं. ऑस्लोहून ट्रॉन्हाइमला जाणारी रेल्वे त्याच पठारावरून जाते, गाडी भाड्याने घ्यायचीही गरज नाही.

स्वालबार्ड नंतर झालं, यावेळी दोन एंट्री घेऊन. तुम्ही 'ध्रुवीय अस्वल नक्की दिसेल ना' असं विचारलंय. जुलैत बर्फ उत्तरेकडे सरकलेला असतो आणि अस्वलं बरीचशी त्याच्या मागे जातात, त्यामुळे लाँगइयरब्येनहून एका दिवसाच्या बोटीवर ती दिसतीलच असं नाही. दिसलं तरी जवळ जाता येत नाही. १ जानेवारी २०२५ पासून ३०० मीटरचं अंतर सक्तीचं आहे, आणि १ मार्च ते ३० जून ५०० मीटर. यावर बरेच फोटोग्राफर चिडलेत. मला हा नियम शंभर टक्के पटतो. अस्वलांच्या शिकारीवर १९७३ साली बंदी आली म्हणून आज ती आपल्याला बघायला मिळतात, आता लेन्ससाठी त्यांना पळवायचं का? चांगली दुर्बीण घ्या. अस्वल पांढरं शोधू नका, बर्फावर ते सायीसारखं पिवळट दिसतं. आम्हाला गाइडने दाखवलं तेव्हा तो पिवळट ठिपका बराच वेळ दगडच वाटत होता, मग त्या ठिपक्याने मान वळवली.

बाकी खूप काही सहज दिसतं. आखूड पायांचे रेनडिअर गावातच चरतात. वॉलरस या सुळेवाल्या समुद्री प्राण्यांच्या कळपाजवळ बोट आली की दिसण्याआधी वास येतो. कड्यांवर गिलेमॉट पक्षी इतके दाटीने बसतात की खडक हलतोय असं वाटतं. आपण घरट्याजवळ गेलो की आर्क्टिक टर्न पक्षी डोक्यावर झडप घालतो, तो सगळ्यात उंच टोकावर चोच मारतो, म्हणून हात किंवा काठी वर धरा. गावाच्या हद्दीबाहेर मात्र बंदूकधारी गाइडशिवाय पाऊल टाकू नका, बाबांना सकाळी फिरायची सवय असेल तर हे त्यांना आधीच बजावा.

आई-बाबांसाठी आणखी एक. किनाऱ्यावर उतरवतात ते झोडियाक नावाच्या रबरी बोटीतून, हलत्या बोटीतून पाण्यात पाय टाकून. गुडघे दुखत असतील तर बुकिंगआधी कंपनीला विचारा, किंवा उतरणं नसलेली दिवसाची सफर घ्या. गमबूट बहुतेक ठिकाणी मिळतात, पण आत दोन जोड लोकरी मोजे आपले न्या. आणि डोळ्यांवर बांधायची पट्टी विसरू नका, जुलैभर तिथे सूर्य मावळत नाही आणि हॉटेलचे पडदे पुरत नाहीत.