क्रिएटिनिन नॉर्मल आहे, म्हणून किडनी ठीक?

प्रिय,

तुझे रिपोर्ट पाहिले. बीपी १५२/९६, म्हणजे चढलेलं, आणि आठवड्याने मोजलं तेव्हाही साधारण तेवढंच. खाली तू लिहिलं आहेस, ‘क्रिएटिनिन नॉर्मल आलंय, म्हणजे किडनी ठीक.’ क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंतून रक्तात येणारा टाकाऊ पदार्थ, किडनी मंदावली की तो रक्तात साचतो. पण एवढ्यावर निश्चिंत होऊ नकोस.

हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळपास पाचवा हिस्सा दोन्ही किडन्यांकडे जातो. एकेका किडनीत सुमारे १० लाख गाळण्या असतात, आणि त्या सगळ्या मिळून दिवसाला १८०-एक लिटर द्रव गाळतात. त्यातला बहुतेक परत रक्तात घेतला जातो, लघवीवाटे जातो तो जेमतेम दीड-दोन लिटर. गाळणी म्हणजे केशवाहिन्यांचा इवलासा गुंता. त्यात शिरणारी बारीक धमनी स्वतःला आवळून वाढलेला दाब आत पोहोचू देत नाही. पण दाब वर्षानुवर्षं चढलेला राहिला की तिची भिंत जाड होते, पोकळी अरुंद होते आणि काही गाळण्या रक्ताअभावी सुकत जातात. उरलेल्यांवर त्यांचं काम पडतं, त्यांच्यातला दाब वाढतो आणि त्याही झिजू लागतात. यातलं काहीही दुखत नाही.

उरलेल्या गाळण्या जादा काम ओढतात म्हणूनच क्रिएटिनिन दिशाभूल करतं. निम्मी क्षमता जाईपर्यंतही ते रेंजमध्ये राहू शकतं. त्यापेक्षा त्याच आकड्यावरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडन्या मिनिटाला किती गाळतात याचा अंदाज, बघ. तो तीन महिन्यांहून जास्त काळ ६० च्या खाली राहिला, तर तो किडनीचा जुनाट आजार. आणि लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तराची तपासणी मागून घे, कारण ती पुष्कळदा सांगितलीच जात नाही. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन, गाळणी बिघडली की ते लघवीत झिरपतं. सकाळची पहिली लघवी द्यायची. ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या आत असेल तर उत्तम. जास्त आलं तर लगेच घाबरायचं नाही, कारण ताप, लघवीतला जंतुसंसर्ग किंवा आदल्या दिवशीचा जोरदार व्यायाम यांनीही आकडा चढतो. पुन्हा तपासायचं.

तुझ्या तरुण वयात आणखी एक प्रश्न डॉक्टरांना विचारायलाच हवा: हे बीपी किडनीमुळे तर नाही? १९३४ साली अमेरिकन डॉक्टर हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या किडनीची धमनी चिमट्याने थोडी आवळून दाखवली, आणि बीपी चढलं. रक्त कमी पोहोचलं की किडनी रेनिन नावाचं द्रव्य सोडते आणि त्यातून सगळ्या शरीराचा दाब वाढतो. धमनी अरुंद असणं किंवा किडनीचा छुपा आजार असणं तरुणांमध्ये शोधावं लागतं. लघवीची साधी तपासणी, पोटॅशियम आणि सोनोग्राफी यांपासून सुरुवात होते.

गोळीबद्दल तू विचारलंस, ‘एकदा सुरू केली की जन्मभर?’ कदाचित हो. किडनी खराब होते ती गोळीने नव्हे, गोळी टाळून चढू दिलेल्या बीपीने. लघवीत अल्ब्युमिन जात असेल तर बहुधा रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टनच्या जातीतली गोळी देतात. ती गाळणीच्या आतला दाब उतरवते, त्यामुळे सुरुवातीला क्रिएटिनिन थोडं वर जाऊ शकतं. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ सहसा चालवून घेतात. तेवढं पाहून मनाने गोळी बंद करू नकोस, दोन ते चार आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून घे. गरोदरपणात मात्र ही औषधं चालत नाहीत.

घरी मोजताना आधी पाच मिनिटं गप्प बसायचं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पायावर पाय नको, दंड हृदयाच्या पातळीवर, यंत्राचा पट्टा (कफ) उघड्या दंडावर. लघवी तुंबलेली असेल तर आधी जाऊन यायचं. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहायचे, बरा दिसतो तो एकच नाही (ही लबाडी सगळेच करतात). मीठ सगळं मिळून दिवसाला ५ ग्रॅमच्या आत.

आणि डोकं दुखलं की तू परस्पर आयब्युप्रोफेन घेत असल्याचं वाचून मी चपापलो. अशा वेदनाशामकांनी बीपी चढतं, बीपीच्या गोळीचा परिणाम कमी होतो आणि किडनीचा रक्तपुरवठाही घटतो. डायक्लोफेनॅकही त्याच जातीचं. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाशील तेव्हा दुकानातून आपल्या आपण घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत ने.

तुझा,
काका