लाकडी घरं भूकंपात टिकतात म्हणे, मग कॅलिफोर्नियात खाली पार्किंग असलेल्या लाकडी बिल्डिंगा का पडल्या?

लाकूड हलकं असतं म्हणून भूकंपाचा जोर कमी येतो हे खरंय, पण इथे घात आराखड्याने केला. वर खोल्यांच्या भिंतीच भिंती आणि तळमजल्यावर गाड्यांसाठी पुढची बाजू सताड उघडी, नुसते बारीक खांब, मग सगळं झुकणं त्या एकाच मजल्यात होतं आणि तोच बसतो. १९८९ च्या लोमा प्रिएटा भूकंपात सॅन फ्रान्सिस्कोच्या मरीना भागात हेच झालं (तिथली जमीन भरावाची, तिने हादरे अजून वाढवले), १९९४ च्या लॉस एंजेलिसमधल्या नॉर्थरिज भूकंपात नॉर्थरिज मेडोज अपार्टमेंटमध्ये तर १६ जण गेले, सगळे तळमजल्यावरचे. फार वाईट वाटतं, कारण हे टाळता येतं.

अजून एक, मागची भिंत पक्की आणि पुढची बाजू मोकळी असली की बिल्डिंग नुसती हलत नाही, पिळवटते, आणि कोपऱ्यातल्या खांबांची वाट लागते. कॉर्नर प्लॉटवर दोन बाजू उघड्या, म्हणजे आणखी धोका.

उपाय म्हणजे उघड्या बाजूला स्टीलची फ्रेम, बाकी भिंतींवर नीट खिळे मारलेलं प्लायवूड आणि ते पायाशी बोल्टने घट्ट जखडायचं. सॅन फ्रान्सिस्कोने २०१३ पासून अशा जुन्या बिल्डिंगांना हे सक्तीचंच केलंय.