पॅप टेस्ट नॉर्मल आली, तरी अंगावरून पांढरे जाते आणि खाज सुटते, असे का?

ताई, पॅप टेस्ट नॉर्मल असूनही योनीत जंतुसंसर्ग असू शकतो, कारण ती टेस्ट गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशींत कॅन्सरकडे झुकणारे बदल शोधते, खाजेचे कारण नाही. मी खानापूर तालुक्यात सरकारी आरोग्य केंद्रात नर्स आहे आणि हा गोंधळ जवळजवळ रोज ऐकते. रिपोर्टवर 'निगेटिव्ह फॉर इंट्राएपिथेलियल लीजन', म्हणजे पेशींत तसे बदल दिसले नाहीत, असे असते, बायका तो घडी घालून पर्समध्ये ठेवतात आणि खाज अंगावर काढतात.

दह्यासारखे घट्ट पांढरे जात असेल आणि खूप खाज असेल तर बहुधा कॅन्डिडा, म्हणजे बुरशी. पातळ, करडट आणि मासळीसारखा वास असेल तर बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे योनीतल्या जिवाणूंचा समतोल बिघडणे. पिवळट-हिरवे, फेसाळ असेल तर ट्रायकोमोनास, म्हणजे संबंधांतून पसरणारा परजीवी. ट्रायकोमोनासमध्ये नवऱ्यालाही औषध घ्यावेच लागते, नाहीतर ते परत होते. तिन्हींची औषधे वेगळी, त्यामुळे मेडिकलमधून अंदाजाने क्रीम आणू नका, तपासून घ्या. आणि आत साबण किंवा डेटॉल अजिबात नको, त्याने त्रास वाढतो.

गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी मात्र सोडू नका. ३० ते ६५ वयाच्या बायकांची व्हीआयए तपासणी, म्हणजे व्हिनेगरसारखे द्रावण लावून पाहणे, दर ५ वर्षांनी करायची असते. जवळच्या सरकारी दवाखान्यात किंवा आशाताईंकडे विचारा.

पण संबंधांनंतर किंवा पाळी कायमची गेल्यावर रक्त दिसले, तर जुन्या नॉर्मल रिपोर्टवर विसंबू नका, लगेच स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.