रास्पबेरी पायला तीन मॉड्यूल सुटी चालतात, एकत्र जोडली की एरर १२१ येते. पाय खराब झाला का?

नाही, तुमचा पाय शाबूत आहे.

तुम्ही दिलेली माहिती अशी: पाय ४ (रास्पबेरीचा छोटा संगणक), एकाच आयटूसी बसवर (अनेक चिप सामाईक तारांवर जोडायची पद्धत) सहा पिनांचं बीएमई२८० (हवेचं तापमान, आर्द्रता, दाब मोजणारा सेन्सर), मातीच्या ओलाव्याच्या सेन्सरचा व्होल्टेज आकड्यात बदलणारं एडीएस१११५ आणि ०.९६ इंची ओलेड पडदा. एडीएस आणि ओलेडला ५ व्होल्ट, बीएमईला ३.३ व्होल्ट, तेही २ मीटर लॅन केबलने खिडकीबाहेर. एकेक जोडलं तर चालतं. तिन्ही लावली की तासा-दोन तासांत एरर १२१, मधूनच ११०, आणि मग रिबूट करूनही स्कॅनमध्ये भलतंच काहीतरी दिसतं.

सुटं प्रत्येक मॉड्यूल चालतंय, म्हणजे तिन्ही चिप आणि तिन्ही लायब्ररी ठीक आहेत. गोची त्यांच्यात सामाईक असलेल्या चार तारांत आहे: वीज, ग्राउंड, एसडीए (डेटा), एससीएल (क्लॉक). तेव्हा लायब्ररी काढून पुन्हा टाकण्यात रविवार घालवू नका. दोनतीनशे रुपयांचा मल्टिमीटर इथे जास्त उपयोगी.

आधी एरर काय म्हणतेय ते समजून घ्या. १२१ म्हणजे पायने पत्ता पुकारला आणि कोणी ओ दिली नाही. ११० म्हणजे व्यवहार सुरू झाला पण मुदतीत संपला नाही, बहुधा लाइन कोणीतरी खाली धरून ठेवलीय. दोन्ही आलटून पालटून येतात तेव्हा प्रोग्रामपेक्षा वायरिंगवर संशय घ्यावा.

आता ते ५ व्होल्ट. माझ्या मते मुख्य दोषी तेच. आयटूसीमध्ये लाइन वर खेचायचं काम पुल-अप रेझिस्टर करतात. पायच्या ३ (एसडीए) आणि ५ (एससीएल) नंबरच्या पिनांवर आधीच १.८ किलोओहमचे पुल-अप ३.३ व्होल्टला बांधलेले आहेत. बाजारातल्या बहुतेक मॉड्यूलांवरही आपापले असतात, आणि ते त्या मॉड्यूलला जी वीज द्याल तिच्याकडे खेचतात. समजा ५ व्होल्टवरच्या तुमच्या दोन्ही मॉड्यूलांवर १० किलोओहमचे पुल-अप आहेत. गणित केलं तर लाइन ३.३ वर न थांबता सुमारे ३.७५ व्होल्टवर जाते. बीएमई२८० च्या पिनला त्याच्या पुरवठ्यापेक्षा फार तर ०.३ व्होल्ट जास्त चालतं, म्हणजे ३.६. पायच्या जीपीआयओ (बाहेरच्या वस्तू जोडायच्या) पिनाही ३.३ व्होल्टच्याच आहेत, ५ व्होल्ट सोसणाऱ्या नाहीत. लगेच धूर निघत नाही, म्हणून माणूस निर्धास्त राहतो.

मोजून बघा. सगळं चालू ठेवा, प्रोग्राम मात्र बंद. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर, काळी प्रोब ६ नंबरच्या (ग्राउंड) पिनवर, लाल आधी ३ वर, मग ५ वर. दोन्हीकडे ३.२ ते ३.३५ यायला हवं. ३.५ च्या वर आकडा आला तर चोर सापडला. शून्याजवळ आला तर लाइन अडकलीय, त्याचं पुढे सांगतो.

उपाय फुकट आहे. तिन्ही मॉड्यूलांची वीज १ नंबरच्या पिनवरून, म्हणजे ३.३ व्होल्टवरून घ्या. एडीएस१११५ ला २ ते ५.५ व्होल्ट चालतात, आणि ०.९६ इंची ओलेडही ३.३ वर सहसा नीट उजळतो. घोळ फक्त मातीच्या सेन्सरचा होऊ शकतो. कपॅसिटिव्ह सेन्सरवर एनई५५५ टायमर असेल तर त्याला किमान ४.५ व्होल्ट लागतात, टीएलसी५५५ असेल तर ३.३ वर भागतं. चिपवरची अक्षरं मोबाइलचा कॅमेरा झूम करून वाचा. सेन्सरला ५ व्होल्ट द्यावेच लागले तर त्याच्या आउटपुटचा व्होल्टेज आधी कोरड्या हवेत मोजा (ओलाव्याबरोबर तो उतरतो, म्हणजे सगळ्यात जास्त आकडा इथेच). तो ३.३ च्या आत असेल तरच एडीएसला जोडा.

रिबूटने काम का होत नाही, ते बघू. बीएमई एक बाइट पाठवत असताना मध्येच प्रोग्राम मेला किंवा केबलवर झटका आला, तर चिप पुढच्या क्लॉकची वाट बघत एसडीए खाली धरून बसते. रिबूटने पायची प्रणाली नव्याने सुरू होते, पण सेन्सरची वीज सहसा जात नाही, त्यामुळे चिप तशीच अडून राहते. अशा वेळी आयटूसीडिटेक्टमध्ये (बस स्कॅन करणारी आज्ञा) एक तर सगळेच पत्ते हजर दिसतात (एसडीए खाली), नाहीतर स्कॅन गोगलगायीच्या गतीने सरकतं (एससीएल खाली). पाय बंद करा, अडॅप्टर काढा, दहा सेकंद थांबा, परत लावा. एसडीए अडकली असेल तर प्रोग्राममधून एससीएलवर नऊ क्लॉक दिले तरी ती सुटते, पण हे रोज करावं लागत असेल तर मूळ कारण अजून जागेवरच आहे.

निरोगी स्कॅनमध्ये तुमच्याकडे हेक्समध्ये (सोळा-आधारी आकड्यांत) तीन पत्ते दिसावेत: ३सी ओलेडचा, ४८ एडीएसचा, ७६ किंवा ७७ बीएमईचा. आकड्याऐवजी यूयू दिसलं तर घाबरू नका, तो पत्ता कर्नलच्या ड्रायव्हरने घेतलाय इतकंच. बीएमईचा पत्ता एकदा ७६ आणि एकदा ७७ असा उड्या मारत असेल, तर त्याची एसडीओ पिन (पत्ता ठरवणारी) मोकळी आहे. ती ग्राउंडला जोडा, पत्ता ७६ वर पक्का होईल.

लॅन केबल. २ मीटर अंतर आयटूसीला जड नाही, पण जोड्या कशा वापरल्या यावर सगळं अवलंबून आहे. एसडीए आणि एससीएल एकाच पिळलेल्या जोडीत घातले असतील तर एकाचे झटके दुसऱ्यात उतरतात आणि खोटे क्लॉक तयार होतात. एसडीएच्या जोडीला ग्राउंड, एससीएलच्या जोडीला ३.३ व्होल्ट अशी मांडणी करा. ओलेड भरभर चालावा म्हणून कुणाच्या सांगण्यावरून बसचा वेग ४ लाख हर्ट्झ केला असेल तर तो १ लाखावर आणा. वेग ठरवणारी ओळ कॉन्फिग फाइलमध्ये असते. पायच्या प्रणालीच्या २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीपासून ती फाइल बूट फोल्डरमधल्या फर्मवेअर फोल्डरात गेलीय. जुन्या ठिकाणच्या फाइलमध्ये बदल करून 'काहीच फरक नाही' म्हणणारे बरेच असतात.

उद्या आणखी मॉड्यूल जोडणार असाल तर पुल-अप मोजत चला. मॉड्यूलवरच्या इवल्याशा रेझिस्टरवर १०३ छापलेलं असेल तर १० किलोओहम, ४७२ असेल तर ४.७. तीन मॉड्यूल १० किलोओहमची धरली तर पायच्या १.८ सकट एकूण १.१७ किलोओहम होतात, ठीक आहे. पाच झाली की ९४७ ओहम. आता लाइन खाली ओढायला चिपला साडेतीन मिलिअँपिअर खेचावे लागतात आणि प्रमाणित मर्यादा ३ ची आहे. तेव्हा एखाद्या मॉड्यूलवरचे पुल-अप सोल्डरिंग आयर्नने काढून टाका.

आणि हो, हेडर पिना सोल्डर केल्यात ना? पिना वेगळ्या पिशवीत येतात आणि नुसत्या भोकांत खोचून बरेच जण काम चालवतात. टेबलावर चालतं, खिडकीचं दार आपटलं की १२१. जंपर वायर एकेक करून हलवा, स्कॅनमधला पत्ता गायब झाला तर तीच बदला.

अडॅप्टर तपासायला व्हीसीजेनसीएमडी या पायवरच्या आज्ञेने थ्रॉटल्ड स्थिती (वीज कमी पडल्याची नोंद) विचारा. शून्य आलं तर विषय संपला, ५०००५ आलं तर वीज आत्ताही कमी पडतेय. फोनचा चार्जर काढा, पायचा ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा लावा.

आर्द्रतेचा आकडा कायम शून्य येतो असंही तुम्ही लिहिलंय. तो वायरिंगचा दोष नाही. बीएमई म्हणून बीएमपी२८० गळ्यात मारलं जातं, त्यात आर्द्रता मोजायची सोयच नाही. हेक्स डी० हा रजिस्टर (चिपची ओळख सांगणारा) वाचा: ६० आलं तर बीएमई, ५८ आलं तर बीएमपी. दुकानदाराला तोच स्क्रीनशॉट दाखवून बदलून मागा.

वीज ३.३ वर आणूनही १२१ येत राहिली तर ३ आणि ५ नंबरच्या पिनांचे व्होल्टेज, आणि सगळी मॉड्यूल काढून, पाय बंद असताना १ व ३ पिनांमधला रेझिस्टन्स (१.८ किलोओहमच्या आसपास हवा) मोजून इथे लिहा.