फ्लोअरिंगखाली काय घालू?

प्रश्न : माडीवरची आमची खोली जुन्या कडीपाटाची आहे. पाट काढून लाकडी फ्लोअरिंग करायचं ठरलंय. सुतार म्हणतो, खाली पार्टिकल बोर्ड टाकू, वरून कुणाला दिसणार आहे? मेव्हणे म्हणतात, प्लायवूडच घ्या. दुकानदाराने ओएसबी दाखवलं. दोन कड्यांत १६ इंच अंतर आहे आणि चालताना जमीन करकरते. कोणाचं ऐकू?

उत्तर : सुताराचं नको. पार्टिकल बोर्डाचा एक तुकडा मागून आणा आणि रात्रभर बादलीत उभा ठेवा. सकाळी पाण्यातली कड फुगलेली दिसेल, नखाने टोकरली तर भुसा हाताला येईल. वाळवला तरी तो पहिल्यासारखा होत नाही. त्यातला स्क्रू एकदा काढला की परत तितका घट्ट बसत नाही. कपाटाला ठीक आहे, पण रोजच्या पावलांखाली नाही.

ओएसबीला मात्र उगाच नावं ठेवू नका. लाकडाच्या चपट्या ढलप्या थराथराने उलटसुलट रचून दाबलेलं असतं ते, ताकदीला कमी नाही. त्याची खोड कडेला. भिजलं की कडा फुगतात आणि वाळल्यावरही पुरत्या खाली बसत नाहीत. वर फळ्या बसल्या की प्रत्येक सांध्याची रेघ अनवाणी पायाला कळते. प्लाय भिजलं तर फुगतं साधारण सगळीकडून सारखं, आणि वाळतंही लवकर. म्हणून खोलीला न्हाणीघर लागून असेल किंवा काम चालू असताना छप्पर उघडं राहणार असेल, तर मी वॉटरप्रूफ ग्लूचं प्लायच घालते. कोरडी, बंदिस्त खोली असेल तर ओएसबीला हरकत नाही. मेव्हणे अर्धे बरोबर आहेत म्हणा.

फक्त प्लाय घेताना वरचा गुळगुळीत पापुद्रा बघून भुलू नका. शीट आडवी धरून कड बघा. मधल्या थरांत फटी असतील, एखादा थर अर्ध्यातच संपलेला असेल, तर तिथे पुढे पाय दबणार.

१६ इंचाच्या अंतराला १८ मिमी जाडी घ्या. शीटची लांबी आणि वरच्या थराचे रेषे कड्यांना आडवे जायला हवेत. हे उलटं झालं तर तीच शीट लवते, आणि हे उलटं झालेलं मी किती घरांत पाहिलंय! दोन शीटमध्ये ३ मिमी फट सोडा. मी तेवढ्याच जाडीचा खिळा सांध्यात उभा धरते आणि शीट बसली की काढून घेते. शेजारच्या ओळींचे सांधे एका रेषेत येऊ देऊ नका.

आता करकर. ती बहुतेक वेळा खिळ्याची असते. लाकूड सुकून आकसतं, खिळा सैल होतो आणि पाऊल पडलं की आपल्याच भोकात वरखाली घासतो. नवी शीट खिळ्यांनी ठोकली तर काही वर्षांनी पुन्हा तेच. कडीवर बांधकामाच्या ग्लूची रेघ ओढा, वर स्क्रू मारा, कडेला दर ६ इंचांवर आणि मध्ये दर १२ इंचांवर. पाट निघाले की, शीट बसवण्याआधी, प्रत्येक कडीत, विशेषतः भिंतीत शिरते तिथे, स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. टोक सहज आत गेलं तर आधी कडीचं काम. कुजक्या कडीवर कुठलंही प्लाय घाला, पैसे पाण्यात.

प्रश्न : तळमजल्यावर ७५ मिमी काँक्रीट ओतून तीन आठवडे झाले. वर लॅमिनेटचं फ्लोअरिंग घालायचं आहे. मिस्त्री म्हणतो २८ दिवस झाले की स्लॅब तयार. खाली जाड फोम घातला की उंचसखलपणाही झाकला जाईल म्हणे.

उत्तर : २८ दिवस हे ताकदीचं गणित आहे, कोरडं होण्याचं नाही. २५ मिमी जाडीला साधारण एक महिना हा ठोकताळा धरा, म्हणजे तुमचे तीन महिने. दमट हवेत आणखी लागतील.

मी स्वतः यात पोळलेय. घरमालकांना राहायला यायची घाई होती, स्लॅब वरून पांढराफटक वाळलेला दिसत होता आणि मी फळ्या बसवून मोकळी झाले. दोन महिन्यांत खोलीच्या मध्ये फळ्यांना फुगोटा आला, दार अडकायला लागलं. एक फळी उचलली तर खालची बाजू काळी आणि कुबट वास. सगळं उखडून माझ्या पैशाने पुन्हा केलं.

तेव्हापासून आधी प्लास्टिक लावते. दीड फूट चौकोनी, पारदर्शक तुकडा, चारही कडा टेपने बंद. दुसऱ्या दिवशी आतून थेंब दिसले किंवा खालचं काँक्रीट काळपट झालं तर थांबायचं. थेंब नाहीत म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका, ही चाचणी वरच्या थरापुरतीच बोलते. स्लॅबला भोक पाडून आतली आर्द्रता मोजणारा माणूस मिळाला तर त्याला बोलवा. भोकाची खोली जाडीच्या ४० टक्के, म्हणजे तुमच्याकडे ३० मिमी. आकडा किती चालेल ते लॅमिनेटच्या कंपनीच्या पत्रकात असतं.

फोमचं म्हणाल तर जाड फोम खड्डा झाकतो, भरत नाही. पाऊल पडलं की फळी दबते आणि फळ्या एकमेकींत अडकवणारी क्लिकची खाच तुटते. दोन मीटरची सरळ पट्टी जमिनीवर सगळ्या दिशांनी फिरवा. खाली ३ मिमीपेक्षा जास्त फट दिसली तर उंचवटा घासायचा, खड्डा सेल्फ-लेव्हलिंगने, म्हणजे आपोआप सपाट पसरणाऱ्या पातळ सिमेंटी मिश्रणाने, भरायचा. आधी प्रायमर, नाहीतर तो थर पोपडा होऊन सुटतो. मग २०० मायक्रॉनचं प्लास्टिक, सांधे ८ इंच एकावर एक आणि टेप. त्यावर पातळ फोम, एकच थर. फोमला प्लास्टिक आधीच चिकटवलेलं असेल तर वेगळं नको.

प्रश्न : लाकडी जमिनीवर न्हाणीघराची टाइल बसवायची आहे. नुसता सिमेंट बोर्ड पुरेल ना?

उत्तर : नाही. सिमेंट बोर्ड भार पेलत नाही, तो टाइलला धरायला जागा देतो. खाली प्लाय हवंच. पाण्याने तो खराब होत नाही, पण पाणी त्यातून आरपार जातं, म्हणून वर वॉटरप्रूफिंगचा थर द्या. बोर्ड नुसता स्क्रूने आवळू नका, खाली टाइलचाच मसाला दातेरी थापीने पसरून त्यात बसवा. सांध्यांवर अल्कलीला टिकणारी काचतंतूची जाळीपट्टी लावा. रंगकामातली साधी पट्टी वापरली तर सिमेंट ती हळूहळू खातं.