गुळवेलीवरची अळी आणि संत्र्यावरचा पतंग

प्रश्न : बांधावरच्या गुळवेलीवर बोटाएवढ्या काळपट अळ्या आहेत, अंगावर डोळ्यांसारखे ठिपके. त्या संत्र्यावर जातील का? फवारणी करावी का? (बागायतदार, काटोल)

उत्तर : अळ्या जाणार नाहीत, त्यांचे पतंग जातील. ही फळातला रस शोषणाऱ्या पतंगाची, म्हणजे युडोसिमाची अळी. तिला गुळवेल, वासनवेल अशा एकाच कुळातल्या वेली लागतात. मादी पानाखाली अंडी घालते, ती तीन-चार दिवसांत फुटतात. अळी उंटअळीसारखी पाठ उचलून चालते. डिवचली की डोकं खाली दुमडते, शेपटाकडची बाजू वर करते आणि ते खोटे डोळे एकदम समोर येतात. दोन-तीन आठवड्यांनी ती पानं धाग्यांनी जोडून आत कोष करते. पुढे साधारण दोन आठवड्यांत पतंग बाहेर पडतो.

त्याचे पुढचे पंख वाळक्या पानासारखे, मागचे नारिंगी. नारिंगीवर गोल काळा ठिपका असेल तर ती मटर्ना जात, चंद्रकोरीसारखा काळा डाग असेल तर फॅलोनिया जात.

फवारणी करू नका. संत्र्यावर अळी नसतेच. पतंग अंधार पडल्यावर येतो आणि टोकदार सोंड सालीतून थेट आत खुपसतो. औषध सालीवरच राहतं, तेही तोडणीच्या तोंडावर.

प्रश्न : फळगळ पतंगाची की फळमाशीची, कसं ओळखावं?

उत्तर : फळ चिरा. आत अळ्या दिसल्या तर फळमाशी. पतंगाचं छिद्र टाचणीच्या टोकाएवढं असतं, दाबलं की रस येतो, आतल्या फोडी कोरड्या, स्पंजासारख्या होतात. त्याच छिद्रातून बुरशी शिरते, फळ सडून गळतं. खात्री हवी तर रात्री आठनंतर टॉर्च मारा, पतंगाचे डोळे लालसर चमकतात.

गळलेली फळं रोज उचलून खोल पुरा, कारण आंबूस वासावरच पतंग येतात. सूर्यास्तानंतर ओल्या पालापाचोळ्याचा धूर करा. बाग लहान असेल तर टॉर्च आणि हातजाळीने पतंग पकडणं खरोखर उपयोगी पडतं. प्रकाश सापळ्यावर भिस्त नको, या पतंगांना दिव्यापेक्षा फळाचा वास जास्त ओढतो. बांधावरची गुळवेल तोडायची घाई करू नका. पतंग लांबून, रानातूनही उडत येतात. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा पानं उलटून अळ्या आणि जोडलेली पानं काढली तरी पुरे.